किती आला?

माझा कॉम्प्युटर एक तृतीयांश वेगाने चालतो, हे मला कळलं तेव्हा तो उत्तम चालत होता. पत्रं टाइप होत होती, पेन्शनचा हिशेब लागत होता, दुपारी जेवण झाल्यावर पत्त्यांचा एक डाव व्हायचा आणि तो मी हरायचो. या हरण्याशी मशीनच्या वेगाचा काही संबंध असेल अशी शंकाही मला कधी आली नव्हती. मग ऐन मे महिन्यात भाचा सौंसरहून पांढुर्ण्याला आला. त्याने ताईने पाठवलेली लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली आणि आतून पाण्याचा पेला येईपर्यंत माझ्या मशीनवर एक चिमुकला प्रोग्राम चढवला.

"मामाजी, रॅम कितीचा घेतला होता?"

"आठ-आठचे दोन."

"तसा नाई. स्पीड?"

स्पीड विकत घेतल्याचं मला आठवत नव्हतं. त्याने डबा उघडला, मान तिरपी करून पट्टीवरचं लेबल वाचलं. ३२००. मग पडद्यावर बोट ठेवलं. १०६६.

जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसासमोर दोन आकडे ठेवले की तो भागाकार करतोच. तीनाला एक! म्हणजे पैसे तीन वाट्यांचे दिले आणि घरी एकच वाटा आला. नागपूरच्या त्या दुकानदाराचा हसरा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याने चहासुद्धा पाजला होता. चहा पाजला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"थांबा ना मामाजी, बीपी नका वाढवू. हे डीडीआर हाय. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल उचलते. ठोका चढताना एकदा, उतरताना एकदा. म्हणून १०६६ले दोननं गुणायचं. २१३३."

दोन मिनिटांत माझं निम्मं नुकसान भरून निघालं. राहिलेल्या निम्म्याचं कारण त्याने सांगितलं ते असं. मेमरीच्या पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात बिनधोक वेगही लिहिलेला असतो आणि जाहिरातीतला वेगही. मदरबोर्ड सरळमार्गी. तो बिनधोक वेग वाचतो आणि पुढचं पान उलटत नाही. लेबलवरचा आकडा हवा असेल तर बायोसमध्ये शिरून एक्सएमपी नावाची नोंद आपण चालू करायची. आणि गंमत पुढेच आहे. ज्या आकड्याची खोक्यावर ठळक जाहिरात असते, तोच आकडा चालू केला की प्रोसेसरवाली कंपनी त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणते आणि वॉरंटीच्या कागदाकडे बोट दाखवते.

"म्हणजे आजपर्यंत मी कायद्यानं चाललो?"

"होय. अन् मागं राहिले."

खरं तर मागे राहिलो म्हणजे कोणाच्या, हे विचारायला हवं होतं. पण आमच्या भागात हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्याकडे माणूस आकड्यावर जगतो. स्प्लेंडर चांगली चालते असं म्हणून भागत नाही, 'किती देते?' याचं उत्तर द्यावं लागतं. संत्र्याचा बहर बरा आहे म्हटलं की 'झाडाले किती?' पोरगा पास झाला की 'किती आले?' आणि कोणताही आकडा सांगा, समोरच्याच्या मेव्हण्याचा त्याहून मोठा असतो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झालं तेव्हा आनंद झालाच, पण पहिल्याच आठवड्यात चौकात प्रश्न निघाला तो हाच, की आपल्या जिल्ह्यात तालुके किती? उत्तर ऐकून लोक जरा गप्प झाले होते.

तर त्या संध्याकाळी माझ्या मशीनचा आकडा वाढवायचं ठरलं.

भाच्याने सुरुवातीला थोडा इतिहास सांगितला, कारण या विद्येत घराणी आहेत. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्तातला प्रोसेसर, मदरबोर्डची बस ६६ची. त्या काळी प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरलेला आकडा. याचा आकडा साडेचार. पोरांनी काय केलं, तर बसच ६६वरून १००वर नेली. साडेचार गुणिले शंभर, साडेचारशे. तीनशेच्या पैशात साडेचारशेचा माल! जगभरच्या पोरांच्या तोंडाला जे रक्त लागलं ते तेव्हापासून. पुढे २०००च्या सुमाराला एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनचे गुणाकार कुलूपबंद असत, आणि ते कुलूप उघडायचं कशाने, तर पेन्सिलीने. चिपवरचे तुटके सोनेरी ठिपके शिसपेन्सिलीच्या रेघेने जोडायचे. शिशातून वीज वाहते, कुलूप उघडतं. हे ऐकून मी हळहळलो. उभ्या नोकरीत मी पोरांच्या तोंडातून पेन्सिली काढत आलो. त्या पेन्सिलीत एवढं सामर्थ्य आहे हे मला खात्याने कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

भाच्याने बायोसमध्ये ३२०० ठेवलं, जपून ठेवायचं बटण दाबलं, आणि पडदा काळा झाला.

पंखा फिरला, थांबला. परत फिरला, परत थांबला.

"हे काय?"

"ट्रेनिंग सुरू हाय. बोर्ड मेमरीले शिकवून राहिला."

शिकणाऱ्याला वेळ द्यावा, हे मी पालकसभेत अनेकदा सांगितलं होतं. दिला वेळ. चहा झाला. मेमरी काही शिकेना. बायको दारातून डोकावली, "बंद पडला का?" म्हणाली. भाचा म्हणाला, "नाई मामीजी, विचार करून राहिला." ती म्हणाली, "मग बिघडलाच," आणि आत गेली.

त्याचं म्हणणं असं निघालं की पट्टी तयार आहे, बोर्डही तयार आहे, पण माझा २०१७ सालच्या पिढीतला रायझन प्रोसेसर कुरकुर करतो. त्याच्या कागदावर २६६६ लिहिलंय. म्हणजे तिघांपैकी दोघांची संमती पुरत नाही. प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड, तिघांनी एका आकड्याला हो म्हणावं लागतं. आमच्या तीन भावांची वाटणी अजून याच अटीमुळे अडलेली आहे, त्यामुळे मला तांत्रिक बाजू लगेच समजली.

आता बोर्डाला झालेलं सगळं विसरायला लावायचं. त्यासाठी आतला नाण्याएवढा सेल काढून ठेवायचा. काढला, परत बसवला, आणि मशीन सुरू झालं. बायकोने देवापुढे साखर ठेवली. पण सेल काढल्यावर बोर्ड वेग विसरतो तसा काळही विसरतो. उजव्या कोपऱ्यात तारीख आली १ जानेवारी २०१८. म्हणजे मी अजून नोकरीत होतो आणि पांढुर्णा पुन्हा छिंदवाडा जिल्ह्यात गेलं होतं. बँकेचं पान उघडायला गेलो तर ते उघडेना. पानांची प्रमाणपत्रं आजच्या तारखेची, माझं मशीन त्यांच्या जन्माआधीचं. ते म्हणे, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. पेन्शन घ्यायला गेलेल्या माणसाला तो अजून निवृत्तच झालेला नाही असं सांगण्याची ही पद्धत मला फार सभ्य वाटली.

मग ३०६६. काळा पडदा, सेल, २०१८. मग व्होल्टेज थोडं वाढवून पुन्हा ३०६६. त्या वेळी नेमकी लाइट गेली आणि यूपीएसने जो गळा काढला, त्याने शेजारचे निवृत्त बँकवाले लुंगी सावरत आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत उभं राहून गोटमार बघणारा गाव हा. इथे कोणी सहज घाबरत नाही. पण बायोस लिहिताना गेलेल्या लाइटीने बोर्ड कायमचा जाऊ शकतो हे भाच्याने सांगितल्यावर बँकवालेसुद्धा हात जोडून उभे राहिले. सुदैवाने आम्ही लिहीत नव्हतो, नुसतं बदलत होतो.

रात्री २९३३वर गाडी थांबली. बँकवाल्यांनी निघताना विचारलं, "मग? किती आला?"

"तीन हजार," मी म्हणालो.

ते गप्प झाले. त्यांचा जावई पुण्याला आहे, पण त्याचा आकडा त्यांना त्या क्षणी आठवला नाही. नफा झाला तो एवढाच. पत्त्यांचा डाव मी दुसऱ्या दिवशी पूर्वीइतक्याच वेळात हरलो.

माझ्यावर हात साफ करून भाचा सौंसरला परतला आणि स्वतःच्या दुकानाच्या मागे लागला. त्याचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. फॉर्म भरणे, फोटो, झेरॉक्स, आधार लिंक. या कामाला किती वेग लागतो? माणूस आपलं नाव सांगतो त्यापेक्षा थोडा जास्त. भाच्याकडे आधीच रायझनची पाच हजाराच्या मालिकेतली चिप आणि ३२००ची मेमरी होती. पण त्याच्या एका मित्राने ३६००ची घेतली. म्हणून भाच्याने ४०००ची आणली. नागपूरहून, रांगेतल्या गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून.

चार हजारवर मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ताई जामसावळीच्या हनुमंताला नारळ बोलली होती, तो फोडून आली. भाच्याने चाचणी चालवली आणि त्याचा चेहरा पडला. मशीन पहिल्यापेक्षा हळू! पुन्हा चालवली. पुन्हा हळू.

याचं कारण मी नंतर समजून घेतलं, कारण आकडा वाढून वेग कमी होतो हे शास्त्र माझ्या वयाला आधार देणारं होतं. या चिपच्या पोटात भागाभागांना जोडणारा एक आतला रस्ता आहे, इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा. मेमरी ३६००ची म्हणजे खरा ठोका १८००चा. फॅब्रिकही १८००वर चालतो. दोघे पायात पाय घालून जातात. चार हजारच्या मेमरीला फॅब्रिक २०००चा लागतो, आणि बहुतेक चिपांना तो झेपत नाही. झेपला नाही की मेमरी सांभाळणारा भाग चक्क निम्म्या ठोक्यावर उतरतो. मग प्रत्येक निरोपाला थांबा.

हे भाचा वडिलांना समजावत होता. आमचे भाऊजी संत्रेवाले. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, हे तर आपली छोटी लाइन झाली."

सौंसरच्या जुन्या माणसाला छोटी लाइन समजावी लागत नाही. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज, रुळांमधलं अंतर अडीच फूट. २०१५ साली ती बंद झाली आणि काही वर्षांनी मोठी होऊन आली. पांढुर्णा मात्र पहिल्यापासून दिल्ली-मद्रासच्या मोठ्या लाइनवर, त्यामुळे आम्हा पांढुर्णेकरांच्या बोलण्यात एक सूक्ष्म वारा असे.

"दिल्लीवून माल येवो का मद्रासवून," भाऊजी म्हणाले, "मोठ्या लाइनीचा डबा छोट्या रुळावर चढत नसे. नागपुरात सगळा उतरवा, इकडच्या डब्यात भरा. तिकडची गाडी कितीबी जोरात येवो, आपला हमाल तेवढाच. तू जोरात येनारी गाडी आनली, पोट्टे. हमाल कोन आनन?"

भाचा हिरमुसला. त्याने मेमरी ३६००वर उतरवली. ४०००चे पैसे देऊन ३६००. त्यातही मी, शिक्षकी खोडीने, हिशेब करून पाहिला. नव्या जोडीला त्या वेगात एका निरोपाला १८ ठोके लागत होते, जुन्या ३२००च्या जोडीला १६. ठोक्याला वेगाने भागलं की दोन्हींची वाट पाहण्याची वेळ सारखी येते, १० नॅनोसेकंद. म्हणजे एका बाजूला नागपूरचं भाडं, ४०००चे पैसे, नारळ; दुसऱ्या बाजूला जुनी जोडी; आणि तागडी मधोमध उभी. हो, माल एकदा वाहू लागला की ३६००चा प्रवाह रुंद, हे मान्य आहे. पण जुनी जोडी त्याने पांढुर्ण्याच्या एका मित्राला अर्ध्या किमतीत देऊन टाकली होती. मित्र सुखात आहे.

मेमरी संपली म्हणून आकडा संपत नाही. आता प्रोसेसर. पायाचा ठोका १००, त्यावर गुणाकार. ४४ ठेवला की ४.४ गिगाहर्ट्‌झ, ४६ ठेवला की ४.६. प्रत्येक पायरीला थोडं जास्त व्होल्टेज, आणि व्होल्टेज वाढलं की उष्णता नुसती वाढत नाही, उड्या मारत वाढते. हे प्रयोग हिवाळ्यात करावेत. भाच्याने ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात केले. बाहेर ४४ अंश. दुकानावर पत्रा. मशीन दहा मिनिटं झकास चाललं, मग चिपने नव्वदी ओलांडली आणि स्वतःचा जीव वाचवायला आपणहून वेग उतरवला. उतरवता उतरवता तो कारखान्यातून निघालेल्या वेगाच्याही खाली गेला. आता माझा पांढुर्ण्याचा २९३३वाला बरोबरीला आला होता. मी फोनवर सहानुभूती दाखवली. आवाजात आनंद येऊ नये म्हणून फार जपावं लागलं.

त्याने घरातला मोठा कूलर दुकानात आणून उघड्या डब्यासमोर लावला. तापमान उतरलं खरं, पण कूलरच्या ताटीतलं गवत डब्यात शिरलं, पंख्याच्या पात्यात अडकलं आणि दुकानात गोठ्याचा सुवास सुटला. शिवाय ताईच्या घरी कूलर नाही. त्या रात्री भाऊजी अंगणात ओला पंचा पांघरून झोपले आणि झोपेत हमाल, हमाल म्हणत होते, असं ताई सांगते.

मग भाच्याला कळलं की २०११ साली एएमडीच्या लोकांनी अमेरिकेत आपली एफएक्स चिप ८.४२९ गिगाहर्ट्‌झवर नेली होती आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली होती. त्यासाठी चिपवर द्रवरूप हेलियम ओतलं होतं. हेलियम सौंसरला मिळत नाही. पण हौशी लोक द्रवरूप नायट्रोजनवरही भागवतात, उणे १९६ अंश. आणि नायट्रोजन सौंसरला मिळतो. किंबहुना तो मिळण्याचं आसपास एकच ठिकाण आहे: गुरांचा दवाखाना. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच गोठवून ठेवतात.

भाचा थर्मास घेऊन गेला. मी सोबत होतो, कारण मास्तर सोबत असला की काम शासकीय वाटतं.

"कोनाची म्हैस?" तिथल्या गृहस्थांनी रजिस्टर ओढत विचारलं.

"म्हैस नाई. नायट्रोजन पायजे, लिटरभर."

"कोन्त्या जातीचं? मुऱ्हा हाय, जर्सी हाय."

"जात नको. नुसतं नायट्रोजन."

"नुसतं?" त्यांनी चष्मा काढला. "अंदर काहीच नको? मंग गाभन कशी जाईन?"

भाच्याने सगळं सांगितलं. प्रोसेसर, गुणाकार, ४.६. गृहस्थांनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाले, "भाऊ, माह्या रजिस्टरात जनावराचा कॉलम हाय. तो रिकामा सोडता येत नाही. अन् त्यात तुमचं नाव लिहू का मास्तरांचं?"

आम्ही थर्मासमध्ये रस्त्यातून उसाचा रस घेऊन आलो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला, हवा उतरली, आणि एके दिवशी सकाळी भाच्याचं मशीन ४.६वर, मेमरी ३६००वर, सगळे आकडे एकमेकांना हो म्हणतायत असं उभं राहिलं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. बटण दाबल्यापासून पडदा येईपर्यंत तोंडातला घोट गिळून झाला नाही. दुकानात एक मावशी कधीची फॉर्म घेऊन बसली होती. भाच्याने बोटं मोडली, कुठलंसं सरकारी पान उघडलं, आणि मधोमध एक गोल चक्र फिरू लागलं. आम्ही तिघं त्या चक्राकडे पाहत राहिलो.

"सर्व्हर डाऊन हाय, मावशी."

"तुह्या मशीनीत काही दोष?"

"मशीन तर ४.६ हाय!"

"समोरच्याच्या दुकानात होते म्हंते. त्याची लई जुनी हाय, पण तो सकाळी पाचले उठते." मावशी फॉर्म घेऊन उठली.

त्या दुपारी भाऊजींच्या वाडीत जेवण होतं. पोराची जरा जास्तच थट्टा झाली. हमाल झाले, म्हैस झाली. जेवण उरकल्यावर भाऊजी सुपारी काढत मला म्हणाले, "मास्तर, तो हर्ट्‌झ का काय तो, लायनीच्या करंटलेबी असते ना?"

"असतो. पन्नास."

"अमेरिकेत साठ हाय म्हंते."

"हो."

भाऊजी विहिरीकडे पाहत राहिले. "आपल्या मोटरीले साठ देता येत नाही का?"

भाचा ताठ झाला. "पप्पा, येते! व्हीएफडी नावाचा डबा लावा लागते. मोटर वीस टक्के जोरात फिरते." मी म्हणालो, वेग वीस टक्के वाढतो, पण पंप मोटरकडून पाऊणपट जास्त ताकद मागतो, कॉइल जळेल. पण वीस टक्के हा आकडा पडवीत येऊन बसला होता आणि त्याच्यापुढे माझं कोणी ऐकेना. बापलेक विहिरीकडे निघाले. ताईने ताटं तशीच टाकली, धावत जाऊन स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

भाऊजी परत येऊन बसले. बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग ताई आत गेल्याची खात्री करून भाच्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "पोट्टे, मोटरीचं राहू दे. आपल्या पिठाच्या चक्कीचा किती हाय रे?"